मशीन तपासावे

रेघ स्वच्छ निघाली आणि मी धसकले. खरं तर उलट व्हायला हवं होतं. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या आमच्या गाडीत, स्ट्रेचरवर, चित्रकलेच्या बाई झोपल्या होत्या. वय अठ्ठेचाळीस, छातीवर दडपण, हात गार, तोंड कोरडं आणि त्यांच्याबद्दल स्टाफरूममधल्या सात जणींची सात मतं. त्या गर्दीतून त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं, गाडीचं दार लावून घेतलं आणि छातीवर टिकल्या लावल्या. हृदयाची पट्टी काढताना वायरी जिथं अडकवतात त्या चिकट गोलांना आम्ही टिकल्याच म्हणतो. पट्टी सरकत बाहेर आली, गुलाबी चौकटींवर काळी रेघ, आणि त्या रेघेला नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. उंचवटे जागच्या जागी, आणि प्रत्येक उंचवट्यानंतर रेघ खाली येऊन नीट टेकत होती. मी टिकल्या काढल्या, नव्या लावल्या, पुन्हा पट्टी काढली. तशीच. तिसऱ्यांदा काढली. तशीच. बाईंना म्हटलं, हृदय सध्या तरी ठणठणीत दिसतंय, पण एका पट्टीवर कुणाला सर्टिफिकेट देत नसतात, दवाखान्यात रक्त तपासतील, तिथं जाऊ. त्यांनी मान हलवली. पुढून मामांनी विचारलं, "निघू का मॅडम?" आणि माझं तोंड म्हणालं, "निघा." बारा वर्षं ते हेच विचारतात आणि बारा वर्षं माझं तोंड हेच म्हणतं, त्यासाठी त्याला माझी गरज लागत नाही. गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की मशीन बिघडलेलं नाही.

सकाळी ते बिघडलेलं होतं. म्हणजे मीच तसं लिहून आले होते, रजिस्टरमध्ये, सही ठोकून. 'रेघ वर दाखवते. मशीन तपासावे.' दुसरं मशीन संध्याकाळी मिळेल, तोवर हेच जपून वापरा, असं ॲम्ब्युलन्स स्टेशनवर सांगितलं गेलं. आमच्याकडे रोज सकाळी सातला गाडी ताब्यात घेताना सगळं तपासायचं असतं. ऑक्सिजन किती आहे, शॉकचं मशीन चार्ज आहे का, गोळ्यांच्या तारखा उलटल्या नाहीत ना. पट्टीचं मशीन तपासायला मात्र धडधडणारं हृदय लागतं आणि ते कपाटात मिळत नाही. नियमात कुठं लिहिलेलं नाही, पण पहिल्या दिवसापासून मामाच झोपत आले. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. कुणाचे सख्खे मामा आहेत कोण जाणे, पण सगळं स्टेशन त्यांना मामा म्हणतं. शर्टाची बटणं काढून ते स्ट्रेचरवर आडवे व्हायचे, हात पोटावर, डोळे मिटलेले, आणि म्हणायचे, हीच पाच मिनिटं सरकार मला झोपायचा पगार देतं. रोज टिकल्या लावून लावून त्यांच्या छातीवरचे केस ठिकठिकाणी गेले होते. मामी म्हणायची, घरी येताना छाती पूर्ण घेऊन येत जा. पेशंटसमोर मला मॅडम म्हणणारे मामा गाडीत आम्ही दोघंच असलो की 'ए शहाणे' म्हणायचे, आणि मला ते मॅडमपेक्षा बरं वाटायचं.

बारा वर्षं रोज सकाळी एका माणसाची रेघ पाहिली की ती अक्षरासारखी ओळखीची होते. पाकिटावरचा पत्ता पाहूनच पत्र कुणाचं ते कळावं, तसं. मामांच्या रेघेत तिसऱ्या ओळीत एक बारीकशी मुरड होती, लिहिता लिहिता पेन अडखळल्यासारखी. कुठल्या पुस्तकात ती नाही आणि तिच्यात वाईटही काही नाही. जन्मखूण असते तशी. त्यांची एक जुनी, देखणी पट्टी मी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती, चांगली रेघ कशी असते ते नव्या लोकांना दाखवायला. मामा तिला 'माझा फोटो' म्हणायचे. आज सकाळी जी पट्टी आली तिच्यात तीन ठिकाणी रेघ खाली टेकलीच नाही. उतरता उतरता मध्येच तरंगत राहिली, पुढच्या उंचवट्याचा पायथा उगाच रुंद झाला, आणि दुसऱ्या एका ओळीत ती तितकीच खाली बुडाली. हेच रस्त्यावरच्या कुणा परक्या माणसाच्या छातीतून आलं असतं तर मी पंधरा सेकंदांत दवाखान्याला फोन लावला असता. मामांच्या छातीतून आलं म्हणून मी मशीनला एक थापड मारली. टिकल्या जुन्या असतील म्हटलं, वायर ढिली असेल म्हटलं, पुन्हा काढली तर पुन्हा तेच. "मामा, मशीन गेलं," मी म्हणाले. ते उठून बसले, बटणं लावू लागले, सावकाश, खालून वर. "गेलं का," एवढंच म्हणाले. पट्टी मी चार घड्या करून खिशात टाकली.

लोकांना वाटतं आम्ही हृदयविकार मशीनवर ओळखतो. मशीन नंतर. जिना चढून दार उघडलं की आधी माणसाचा रंग दिसतो, ओल्या राखेसारखा, आणि कपाळावरचा घाम, जो उन्हाचा नसतो. कुठं दुखतं विचारलं की माणूस बोट दाखवतो की मूठ ठेवतो ते मी पाहते. एका बोटानं नेमकी जागा दाखवणारा बहुतेक वेळा वाचलेला असतो, आणि छातीच्या मध्यावर मूठ दाबून जो गप्प राहतो त्याच्यासाठी माझे हात आपोआप बॅगेकडे जातात. बायका तर छातीचं नावच काढत नाहीत. त्यांचा जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं, नुसता थकवा येतो, आणि त्या म्हणतात, काही नाही हो, धावपळ झाली. काही जण काहीच सांगत नाहीत, नुसतं म्हणतात, कुणीतरी जवळ बसा. असं कुणी म्हणालं की मी सर्वात जास्त घाबरते. हे सगळे प्रश्न मला झोपेतही पाठ आहेत. कधीपासून, कुठं, कुठपर्यंत जातं, घाम आला का, याआधी झालं होतं का. हजारो अनोळखी माणसांना ते मी विचारले आहेत. सकाळी टिकल्या काढताना माझ्यासमोर ओळखीचा माणूस होता आणि मी त्याला एकही विचारला नाही.

गाडी चालत होती. मागे खिडक्यांना दुधी काच आहे, त्यामुळे रस्ता दिसत नाही, नुसता उजेड कमीजास्त होतो, झाड आलं की हिरवट, भिंत आली की करडा. त्या उजेडात दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टी माझ्याकडे एकेक करून येऊ लागल्या. दहा वाजता एक आजोबा न्हाणीघरात पडले होते, त्यांना खाली आणताना मामा म्हणाले, आज डोक्याकडची बाजू तू धर. बारा वर्षांत डोक्याकडची, म्हणजे जड बाजू, त्यांनी मला कधी दिली नव्हती. मला वाटलं, चला, माणूस शेवटी मला बरोबरीची समजू लागला. जेवणाच्या वेळी त्यांनी डबा उघडला, पाहिला आणि बंद केला, पित्ताची गोळी मागितली, आणि मी, हृदयाची जाणकार, पित्ताची गोळी काढून दिली. ढेकर येत नाही म्हणाले. मी म्हटलं, वय झालं मामा, ढेकरसुद्धा सुट्टीवर गेली. आम्ही हसलो. ते शीळ घालतात गाडी चालवताना, एकच सूर, कुठल्याच गाण्याचा नसलेला. आज शीळ नव्हती. शांत शांत वाटतंय असं मला दोनदा वाटलं होतं आणि मी त्याचं श्रेय रस्त्याला दिलं. शाळेत खुर्ची खाली आणताना त्यांच्या शर्टाची पाठ काळपट ओली होती आणि वारा तर गार होता. सगळं मी पाहिलं होतं. बघणं हाच माझा धंदा आहे. बेरीज तेवढी केली नाही.

आई माणसं पावलांवरून ओळखते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हाही राहायचो, आणि जिन्यात कोण चढतंय ते ती काम न थांबवता सांगायची. खालच्या काकांचं एक पाऊल हलकं, वरच्या बाईंच्या चपला फरपटत, बाबा शेवटच्या चार पायऱ्या दोन-दोन करून घेणार. मी आठवीत असताना एका संध्याकाळी जिन्यात कुणी अगदी सावकाश चढत होतं, प्रत्येक वळणावर थांबत. आई इस्त्री करत होती. कान देऊन म्हणाली, कुणी विक्रेता असेल, दार शोधत येतोय, उघडू नकोस. पावलं आमच्या दारापर्यंत आली आणि थांबली. बेल वाजली नाही. काहीतरी खाली टेकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आई बाबांच्याच शर्टाची कॉलर दाबत होती, वाफेचा तो कोमट वास मला अजून येतो. किती वेळ गेला ते मला कधीच सांगता आलं नाही, दोन मिनिटं असतील, दहा असतील. मी दार उघडलं तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, मांडीवर पिशवी. म्हणाले, किल्ली सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. पाऊल तेच होतं, फक्त बदललेलं, म्हणून आम्ही ते दुसऱ्या कुणाचं तरी समजलो. आई आणि मी हे आजवर एकमेकींशी बोललेलो नाही. ती लोकांना सांगते, मला त्यांचं पाऊल शंभरात ओळखू यायचं, आणि मी शेजारी बसून मान डोलावते. त्यामुळेच मी या कामात आले असं कुणी कुणी म्हणतं. तसं काही नाही. जाहिरात आली होती आणि माझी उंची नियमात बसत होती.

मी खिशातली पट्टी काढून उलगडली आणि कपाटाचं दार उघडून तिथल्या पट्टीशेजारी धरली. तिसऱ्या ओळीत ती मुरड दोन्हीकडे होती. मशीन बिघडलं असतं तर त्याला मामांची जन्मखूण कुठून ठाऊक असती? तरीही मी वाद घालत राहिले, वायर, टिकल्या, कागद, दमट हवा, वकील परवडला इतका वाद. तेवढ्यात स्ट्रेचरवरून चित्रकलेच्या बाई बोलल्या. मी त्यांना विसरलेच होते. त्या मान वळवून दोन्ही पट्ट्यांकडे पाहत होत्या, वर्गात मुलांच्या वह्या पाहाव्यात तशा.

"दोन्ही एकाच हातच्या आहेत ना?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी हात दमलाय फक्त."

त्यांनी विचारलं, कुणाच्या आहेत, माझ्या? मी म्हटलं, नाही, तुमची सुरेख आहे. मग कुणाच्या हे त्यांनी विचारलं नाही, पण मी पुढच्या बाजूच्या जाळीकडे पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं. जाळीतून मामांची मान दिसत होती, कॉलरच्या वरची, ओली.

दवाखाना अकरा मिनिटांवर होता, त्यातली तीन गेली होती. मनातला एक आवाज फार समजूतदार होता. तो म्हणाला, जाऊ दे. पेशंट जिथं न्यायचा तिथंच तर हा पेशंट चालला आहे, स्वतःच स्वतःला घेऊन. थांबवलंस तर दुसरी गाडी यायची, तोवर आठ-दहा मिनिटं जायची, आणि हृदयाची तर मिनिटं मोजायची असतात, तूच शिकवतेस. सकाळपासून चालवताहेत की, आणखी आठ मिनिटांनी काय होतंय? शिवाय, आणि इथं त्या आवाजानं माझी नस पकडली, शिवाय तुझी चूक आहे हे निदान दवाखान्याच्या दारात कळेल, भर रस्त्यात नाही. दुसरा आवाज आवाजच नव्हता, एक चित्र होतं. पुढं पूल आहे, लांब, मध्ये थांबायला जागा नाही, दोन्ही बाजूंना माणसं चालतात. ज्याचं हृदय अडलं आहे त्याला आम्ही दोन पावलंही चालू देत नाही. खुर्चीवर बसवून उचलतो, मग तो पहिलवान असला तरी. आणि मी मात्र त्या माणसाला साडेतीन टन लोखंड हाकायला लावून मागे बसून विचार करत होते. मी बाबांच्या दाराआड उभी राहिले होते तेवढाच वेळ आताही जात होता, आणि जिन्यातलं ते कोण आहे हे या वेळी मला माहीत होतं. मी जाळीवर दोनदा ठोकलं. एकदा म्हणजे वेग वाढवा, दोनदा म्हणजे बाजूला घ्या. गाडी हळू झाली, डावीकडे सरकली, थांबली.

मागचं दार उघडून मी पुढं गेले. आम्ही एका गादीवाल्याच्या दुकानासमोर उभे होतो. काचेआड पांढऱ्या गाद्या एकावर एक रचलेल्या, उशा, आणि एका पलंगावर मांडलेली चादर, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. मामा त्या पलंगाकडे पाहत होते.

"काय झालं, बाईंना जास्त वाटतंय का?"

"बाई ठीक आहेत. मामा, गाडी बंद करा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. किल्ली फिरवली, काढली, आणि माझ्या हातावर ठेवली. सुट्टीवर जाताना दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातीसुद्धा ते किल्ली द्यायचे नाहीत, खिळ्याला टांगून जायचे. ती गरम होती आणि घामानं निसरडी. मग मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, जिना चढून वर गेल्यावर अनोळखी माणसासमोर बसते तशी, आणि विचारायला सुरुवात केली.

"कधीपासून?"

"पहाटे दात घासताना. जबड्यात आलं आधी. मग इथं." त्यांनी मूठ छातीवर ठेवली. बोट नाही, मूठ.

"सांगितलं का नाही मला?"

मला वाटलं विनोद करतील. "कसं सांगायचं ते सुचेना," मामा म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं. म्हटलं, सकाळी झोपायचंच आहे, मशीन सांगेल."

"सांगितलं होतं की त्यानं."

"हो. पण तू म्हणालीस, मशीन गेलं." त्यांनी डोळे मिटले. "मला फार बरं वाटलं गं, शहाणे."

माझे हात तोवर कामाला लागले होते. हातांचं बरं असतं. मी कंट्रोल रूमला सांगितलं की गाडी थांबवली आहे, पेशंट बदलला आहे, दुसरी गाडी लागेल. पलीकडची बाई कधीच दोनदा विचारत नाही, तिनं आज विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "मामा." तिनं नऊ मिनिटं सांगितली आणि ती सात करते म्हणाली. गादीच्या दुकानाचा मालक बाहेर येऊन उभा होता, त्याला आणि मला मिळून मामांना खुर्चीवर बसवून मागे आणता आलं, आणि या वेळीही डोक्याकडची बाजू मीच धरली. आत येऊन पाहते तर चित्रकलेच्या बाईंनी स्ट्रेचर रिकामं केलं होतं. स्वतः बाजूच्या सीटवर बसल्या होत्या, पट्टा बांधून, मांडीवर माझी बॅग उघडी धरून. मामांना म्हणाल्या, या, तापवून ठेवलंय. मामा खरंच हसले.

गोळी चावून खायला दिली, चावा मामा, गिळू नका, रक्ताला गाठ धरू देत नाही ती. जिभेखालची दिली नाही. रक्तदाब आधीच खाली होता आणि अशा रेघेत ती गोळी माणसाला आणखी खोल नेते. टिकल्या लावल्या, त्यांच्या त्याच केस गेलेल्या जागांवर, नेम धरावा लागला नाही. पट्टी आली. सकाळी जी रेघ जराशी तरंगत होती ती आता सरळ वर चढून बसली होती, आता एखाद्या पोरानंही ओळखली असती. ती दवाखान्यात पाठवली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की टीम तयार ठेवतो, आल्या आल्या थेट आत घ्या. शॉकच्या दोन मोठ्या पट्ट्या छातीवर चिकटवून ठेवल्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत त्यांनी त्या कित्येकांना लावलेल्या पाहिल्या होत्या आणि त्या कधी लावतात ते त्यांना ठाऊक होतं. विचारलं, लागतील का? मी म्हटलं, लागू नयेत म्हणून लावतात, छत्रीसारख्या. ते म्हणाले, जरा जवळ बस.

मी जवळ बसले. दुधी काचेतून दुकानाचा पांढरा उजेड येत होता, सगळ्या गाद्यांचा मिळून, आणि आत कुठलाच आवाज नव्हता, फक्त मशीनची टिकटिक, त्यांची, मला पाठ असलेली. त्या उजेडात मला क्षणभर असं वाटलं की सकाळच आहे, गाडी स्टेशनवर उभी आहे, आम्ही नेहमीसारखं तपासत आहोत, आत्ता मी म्हणेन झालं मामा आणि ते बटणं लावतील. खालून वर. मग रेघ बदलली. कुणी कागदच हलवल्यासारखी ती नुसती थरथरू लागली, उंचवटे नाहीत, टेकणं नाही, मुरड नाही, कुणाचीच नसलेली रेघ. मामांची मान एका बाजूला पडली. मी बाईंना म्हटलं, हात वर घ्या, शिवू नका. त्यांनी दोन्ही हात वर घेतले. बटण दाबलं. मामांचं अंग उसळलं आणि पडलं, आणि मी दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवून दाबू लागले, मोजत, मोठ्यानं, कारण मोजलं नसतं तर मी दुसरंच काही बोलले असते. बाई माझ्याबरोबर मोजत होत्या, वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशा. अठ्ठावीस म्हटलं आणि माझ्या मनगटाला कुणीतरी ढकललं. ते मामा होते. डोळे अर्धे उघडे, तोंडात एक शिवी, पूर्ण, शुद्ध, जी मी इथं लिहीत नाही. तिच्याइतकं गोड मला आजवर कुणी काही बोललेलं नाही. मी घड्याळ पाहिलं, पाहायचंच असतं, वेळ नोंदवावी लागते. गाडी थांबवल्याला सहा मिनिटं झाली होती. थांबलो नसतो तर आम्ही पुलाच्या मध्यावर असतो. दुसरी गाडी आली तेव्हा मी मामांचा हात धरून रडत होते आणि बाई माझ्या बॅगेतला कापूस मला देत होत्या.

पुढचं सगळं दारांचं आहे. दारं उघडतात, माणूस आत जातो, दारं बंद होतात आणि आम्ही बाहेर राहतो, हे आमच्या कामात रोजचंच. आज मला ते जमेना. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मामी आली, तिच्या एका पायात घरातली चप्पल होती आणि एका पायात बाहेरची. चित्रकलेच्या बाईंचं रक्त चांगलं आलं, त्या जाताना मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, मला छातीत दुखल्याबद्दल आज वाईट वाटत नाही. पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. नळी मोकळी झाली, म्हणाले, पण उशीर झाला होता, हृदयाचा थोडा भाग दुबळा राहील. त्यांनी ते मामीला सांगितलं, पण मी ऐकलं ते माझ्यासाठी होतं. उशीर. सात ते दोन, सात तास. काचेतून मामांच्या डोक्यावरच्या पडद्यावर रेघ दिसत होती. आता ती खाली टेकत होती, पण पूर्वीच्या जागी नाही, आणि ज्या ओळीत मुरड होती तिथं एक खोल खाच पडली होती, जी आता कायमची. कपाटातला फोटो त्यांचा राहिला नाही. मला नवी रेघ शिकावी लागेल. त्यांनी मला पाहिलं, बोट हलवून जवळ बोलावलं आणि विचारलं, उद्या सकाळी मशीनसाठी कोण झोपणार? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, मग पट्टी मला आणून दाखव, तुझं काही खरं नाही, तू म्हणशील मशीन गेलं.

स्टेशनवर गेले तर आमची गाडी कुणीतरी परत आणून लावली होती आणि मशीन तपासणारा माणूस येऊन गेला होता. रजिस्टरमध्ये माझ्या ओळीखाली त्यानं लिहिलं होतं, 'दोष आढळला नाही', आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. दोषाचा पत्ता त्याला चुकीचा मिळाला होता, त्यात त्याची काय चूक. मी सही केली. साहेबांना सगळं सांगितलं, सकाळची पट्टी टेबलावर ठेवून, काही न झाकता. ते म्हणाले, चौकशी होईल, पण गाडी थांबवलीत ते बरोबर केलंत. मी म्हटलं, दोन्ही लिहा.

घरी आले तेव्हा जिन्यात अजून उजेड होता. जड बाजू उचलून उचलून माझे खांदे दगडाचे झाले होते. पहिल्या वळणावर मी कठड्याला धरून थांबले. दुसऱ्या वळणावर खाली बसले आणि पिशवीत किल्ली शोधू लागले, ती हातातच होती. रोज मी भराभर चढते. आई आतून माझं पाऊल ओळखते आणि उठतही नाही, किल्लीनं मी आत येते, ती तिच्या कामात असते. आज मी एकेक पायरी मोजत चढले. वर पाहिलं तर दार सताड उघडं होतं आणि आई उंबऱ्यात उभी होती, हात पदराला न पुसता, अंगावर पिठाचे डाग तसेच.

"उघडं का ठेवलंस?" मी विचारलं.

"कोण चढतंय ते ओळखू येईना," आई म्हणाली. "म्हणून उघडलं."